टेकऑफची क्वांटिटी दरवेळी चुकतेय? परत मोजायच्या आधी एक भागाकार करा

आमच्याकडे बिलिंगला नवीन पोरगं लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात माझ्या टेबलाशी येऊन उभं राहतं आणि वाक्य ठरलेलं, "सर, सॉफ्टवेअर चुकीचं दाखवतंय." मी विचारतो किती चुकीचं, तर म्हणे "खूप". आता खूप म्हणजे किती हे कळल्याशिवाय मी काय कपाळ सांगणार. म्हणून हे एकदाचं लिहूनच काढतो, कारण यातली जवळजवळ प्रत्येक चूक मी स्वतः केलीय, काही तर दोन-दोनदा.

प्रॉब्लेम असा: पीडीएफवरून नाहीतर कॅडवरून टेकऑफ केलं, म्हणजे ड्रॉइंग मोजून कामाची क्वांटिटी काढली, ती ठेकेदाराच्या मापाशी किंवा साइटशी जुळत नाही. एका प्रोजेक्टला कसंबसं जुळवलं तरी पुढच्या प्रोजेक्टला परत तेच. मग लोक काय करतात, फरक दोन-चार टक्के असेल तर वेस्टेजच्या नावाखाली ढकलून देतात आणि जास्त असेल तर अख्खं परत मोजतात, त्याच फाईलवर, त्याच सेटिंगवर. परत तोच आकडा येतो, येणारच, आणि तो परत आला म्हणून खात्री पटते की आपलंच बरोबर. मग साइटवाल्याशी भांडण.

परत मोजू नका. ड्रॉइंगवरची एक साधी चौकोनी खोली घ्या जिची दोन्ही मापं लिहिलेली आहेत. समजा ३.६० बाय ४.२० ची बेडरूम, हाताने १५.१२ चौरस मीटर. तीच खोली सॉफ्टवेअरमध्ये मोजा आणि सॉफ्टवेअरच्या आकड्याला हाताच्या आकड्याने भागा. जो भागाकार येतो तोच तुम्हाला सांगतो चूक कुठेय, ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर माझे कितीतरी रविवार वाचले असते.

उत्तर ०.२५ आलं, म्हणजे सॉफ्टवेअर ३.७८ दाखवतंय, तर डोळे झाकून सांगतो, ए-वनचं ड्रॉइंग कोणीतरी ए-थ्रीवर काढून पीडीएफ केलंय आणि तुम्ही टायटल ब्लॉकमधलं (कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीतलं) १:१०० वाचून तेच स्केल टाकलंय. ए-वन म्हणजे ८४१ बाय ५९४ मिलिमीटर, ए-थ्री म्हणजे ४२० बाय २९७, लांबी अर्धी झाली की क्षेत्रफळ पाव होतं. ए-टू वर काढलं असेल तर भागाकार ०.५० येईल. कागदाची साइज पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसते, तिथे बघायला दहा सेकंद लागतात आणि तेवढे दहा सेकंद कोणी देत नाही. यात एक गंमत आहे, दरवाजे-खिडक्यांचे नग बरोबर येतात, स्कर्टिंगची (भिंतीच्या पायाशी लावलेल्या पट्टीची) लांबी अर्धी येते, फ्लोअरिंग पाव येतं, आणि पीसीसीचं (साध्या काँक्रीटच्या थराचं) घनफळ पण पावच येतं, आठवा हिस्सा नाही, कारण जाडी तुम्ही हाताने १०० मिलिमीटर टाकलेली असते, ती काही शीटबरोबर आकसत नाही. त्यामुळे एकाच शीटमध्ये काही आयटम बरोबर, काही अर्धे, काही पाव असं दिसलं की पोरं भांबावतात आणि प्रत्येक आयटमचं वेगळं कारण शोधत बसतात. कारण एकच असतं.

माझी पहिली फजिती हीच. रो-हाउसचं काम होतं, फ्लोअरिंगची क्वांटिटी काढून मी ऐटीत प्रिंट दिली. टाइल्सचे ठेकेदार वयस्कर गृहस्थ, त्यांनी चष्मा वर करून पहिलीच ओळ वाचली आणि म्हणाले, "साहेब, बेडरूम पावणेचार मीटर? आमच्या म्हातारीचं देवघर याच्यापेक्षा मोठं आहे हो." त्यांना कॅड येत नव्हतं की पीडीएफ. पण पावणेचार चौरस मीटर म्हणजे डोळ्यासमोर केवढी जागा हे त्यांना येत होतं, मला नव्हतं.

यावरचा उपाय म्हणजे टायटल ब्लॉकमधलं स्केल वापरायचंच नाही. लिहिलेल्या मापावर कॅलिब्रेट करायचं, म्हणजे त्या मापाची दोन टोकं दाखवून खरी लांबी टाइप करायची, आणि तेही ड्रॉइंगवरच्या सगळ्यात लांब मापावर, ग्रिड लाइन ते ग्रिड लाइन. दरवाज्याच्या ९०० मिलिमीटरवर कॅलिब्रेट करणारे लोक मी पाहिलेत. माउस धरायला एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तर ९०० वर एक टक्क्याच्या वर चूक, क्षेत्रफळात ती दुप्पट होते. तोच सेंटिमीटर २० मीटरच्या ग्रिडवर अर्ध्या टक्क्याचा दहावा भाग. कॅलिब्रेट झाल्यावर दुसरं एखादं माप, आडवं घेतलं असेल तर आता उभं, मोजून बघायचं. हे उभं-आडवं का ते पुढे सांगतो.

भागाकार ०.९४ च्या आसपास आला तर जास्त सावध व्हा. याचं वर्गमूळ काढा, ०.९७ येईल, म्हणजे लांबी तीन टक्क्यांनी आकसलीय. कोणीतरी प्रिंट काढताना 'फिट टू पेज' ठेवलं होतं, प्रिंटरने मार्जिनसाठी ड्रॉइंग किंचित लहान केलं. खोली १५.१२ ऐवजी १४.२३ दिसते आणि १४.२३ हा आकडा कोणालाच खटकत नाही. पाव आलं की ठेकेदार हसतो तरी, इथे कोणी हसत नाही, टेंडर भरलं जातं, काम मिळतं, आणि फ्लोअरिंग, प्लास्टर, पेंटिंग, वॉटरप्रूफिंग सगळ्यात सहा टक्के माल आपल्या खिशातून जातो. आमच्या धंद्यात सहा टक्के म्हणजे काय ते सांगायची गरज नाही.

आता ते उभं-आडवं. जुन्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटची कामं ज्यांनी केलीत त्यांना माहितीये, मूळ ड्रॉइंग ट्रेसिंगवर असतं, पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं, आणि ते रोलर स्कॅनरमधून ओढून काढतात. ओढताना कागद एका दिशेने ताणला जातो किंवा घसरतो. मग आडवं माप तंतोतंत जुळतं आणि उभं दोन टक्के कमी भरतं. तुम्ही आडव्यावर कॅलिब्रेट करून आडवंच तपासलं तर सगळं छान दिसणार. ब्लूबीम या पीडीएफ मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये उभ्या दिशेचं स्केल वेगळं द्यायची सोय आहे, ती वापरा. ज्यात नसेल त्यात क्षेत्रफळाला फॅक्टरने गुणून काम भागतं, पण तिरक्या भिंतीच्या लांबीला ती मात्रा चालत नाही, तिथे हातानेच घ्या. आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून टेकऑफ करायचं नाही म्हणजे नाही. फोटो तिरका, कागदाला पोक आलेला, एका कोपऱ्याला चहाचा कप ठेवून दाबलेला, त्यावर कुठलंही कॅलिब्रेशन टिकत नाही. फोटोवरची लिहिलेली मापं वाचा आणि एक्सेलमध्ये टाका, बास.

भागाकार ४ किंवा २५ आला तर बहुतेक एकाच शीटवर दोन स्केल आहेत. प्लॅन १:१०० ला आणि शेजारी टॉयलेटचा डिटेल १:५० किंवा १:२० ला, तुम्ही प्लॅनचं स्केल लावून डिटेल मोजलात. अशा शीटवर डिटेलभोवती वेगळा व्ह्यूपोर्ट, म्हणजे चौकट, आखून त्याला त्याचं स्केल द्यायचं. जिन्याच्या सेक्शनला हे हमखास होतं.

आता युनिटकडे. १०.७६ आलं तर चौरस फूट आणि चौरस मीटरची गल्लत, ३.२८ आलं तर लांबीत तीच, ३५.३ आलं तर घनफळात. २५.४ किंवा ६४५ आलं तर इंच आणि मिलिमीटर. आपल्याकडे आर्किटेक्ट अजून फूट-इंचात काढतो, आरसीसीवाला मिलिमीटरमध्ये, आणि आपण एकाची फाईल दुसऱ्यात एक्सरेफ (बाहेरून जोडलेली फाईल) म्हणून आणतो. ऑटोकॅडमध्ये इन्सयुनिट्स नावाचं सेटिंग आहे, फाईल कुठल्या युनिटची ते त्यात लिहिलेलं असतं, निदान असायला हवं. प्रत्यक्षात फाईल काढलेली असते मिलिमीटरमध्ये आणि सेटिंग राहिलेलं असतं इंचावर, कारण कोणीतरी दहा वर्षांपूर्वीची टेम्प्लेट वापरतंय. मग दुसऱ्या फाईलमध्ये घेतलं की ऑटोकॅड इमानदारीत २५.४ ने गुणून देतं. नवीन फाईल आली की मी सगळ्यात आधी एक दरवाजा मोजतो. ९०० आलं तर मिलिमीटर, ०.९ आलं तर मीटर, ३५-३६ आलं तर इंच. सेटिंगमध्ये काय लिहिलंय ते नंतर बघतो, दरवाजा खोटं बोलत नाही.

आणि ब्रास! २.८३ किंवा ९.२९ आलं तर ब्रास. वाळू-खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. पण टाइल्सवाला आणि प्लास्टरवाला पण ब्रासच म्हणतो आणि त्याचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, ९.२९ चौरस मीटर. बीओक्यू (कामांची आणि क्वांटिटीची यादी) मीटरमध्ये, लेबरचा रेट ब्रासवर, रेट ॲनालिसिस करणारा तिसराच, आणि मग रेटच्या कॉलममध्ये ब्रासचा भाव आणि क्वांटिटी मीटरमध्ये असा गुणाकार होतो. सॉफ्टवेअरला बोल लावण्यात अर्थ नाही, त्याला ब्रास माहीतच नाही.

फूट-इंचावरून एक वेगळी भानगड आठवली, ही भागाकारात लवकर सापडत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. मागे एका बंगल्याच्या एस्टिमेटमध्ये काही खोल्या जास्त आणि काही कमी येत होत्या, कुठलाच एक फॅक्टर बसेना. स्केल बरोबर, युनिट बरोबर. शेवटी मी त्या पोराच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि म्हटलं तू मापं टाइप कर, मी नुसता बघतो. ड्रॉइंगवर ९ फूट ६ इंच, त्याने टाकलं ९.६. पुढचं ९ फूट १० इंच, त्याने टाकलं ९.१०, एंटर दाबलं, एक्सेलने शून्य खाऊन ९.१ केलं. त्याच्या खाली ९ फूट १ इंच, ते पण ९.१. म्हणजे ९ फूट १० इंच आणि ९ फूट १ इंच या दोन भिंती एक्सेलच्या लेखी सारख्या. ९ फूट १० इंच बाय ११ फूट १० इंचाची खोली खरी ११६.३६ चौरस फूट, ती झाली १०१.०१. पण १ ते ९ इंचापर्यंत उलटं होतं, ९ फूट ९ इंच म्हणजे खरं ९.७५, ते ९.९ पडतं, म्हणजे जास्त. काही खोल्या फुगतात, काही आकसतात, आणि टोटलला येईपर्यंत एकमेकांना झाकून घेतात, त्यामुळे टोटलवरून कधी पकडलंच जात नाही. फुटाला एक कॉलम, इंचाला एक कॉलम, आणि तिसऱ्यात फूट अधिक इंच भागिले १२ असं सूत्र, त्या दिवसापासून आमच्या शीटमध्ये हे पक्कं केलंय. तो पोरगा सिव्हिलला चांगल्या मार्कांनी पास झालेला होता, उगाच त्याला ढ समजू नका, घाईत भलेभले हे करतात.

आता समजा तुमची नमुन्याची खोली बरोबर आली, भागाकार १.०० आला, पण टोटल साइटशी जुळत नाही. म्हणजे मोजायचं हत्यार ठीक आहे, मोजायची पद्धत वेगळी आहे, आणि सगळ्यात जास्त भांडणं याच्यातच होतात.

प्लास्टर घ्या. सॉफ्टवेअरमध्ये भिंत काढली, दरवाजा काढला, सॉफ्टवेअरने दरवाज्याचं भोक दोन्ही बाजूंनी वजा केलं. भूमितीने बरोबरच केलं. पण आयएस १२०० चा, म्हणजे मोजमापाच्या भारतीय मानकाचा, भाग १२ काय म्हणतो, ओपनिंग ०.५ चौरस मीटरपर्यंत असेल तर काहीच वजा करायचं नाही. ०.५ ते ३ मध्ये असेल आणि दोन्ही बाजूंना एकच प्रकारचं प्लास्टर असेल तर फक्त एका बाजूने वजा करायचं, आणि कडांचं प्लास्टर, म्हणजे जांब-सॉफिट-सिल, वेगळं धरायचं नाही. ३ च्या वर गेलं तर दोन्ही बाजूंनी वजा, पण मग कडा मोजून द्यायच्या. आपले नेहमीचे दरवाजे सगळे मधल्या गटात पडतात. एका टू बीएचके फ्लॅटचा हिशोब करून बघा: मेन डोअर १.० बाय २.१, खोल्यांचे तीन ०.९ बाय २.१, बाथरूमचे दोन ०.७५ बाय २.१. बेरीज १०.९२ चौरस मीटर. सॉफ्टवेअरने दोन्ही बाजू वजा केल्या, नियमाने एकच करायला हवी होती, म्हणजे फ्लॅटमागे १०.९२ चौरस मीटर प्लास्टर कमी. ४८ फ्लॅटची बिल्डिंग असेल तर ५२४ चौरस मीटर. ठेकेदार बिल घेऊन आला की तो म्हणणार तुम्ही खाल्लं आणि तुम्ही म्हणणार त्याने फुगवलं, आणि दोघंही आपापल्या परीने खरं बोलताय.

वीटकामात ती मर्यादा ०.१ चौरस मीटरची आहे, ०.५ ची नाही, म्हणून प्लास्टरसाठी लावलेली ओपनिंगची सेटिंग उचलून वीटकामाला लावू नका. उलटपक्षी, प्रायव्हेट बिल्डरच्या टेंडरमध्ये पुष्कळदा सरळ लिहिलेलं असतं की सगळ्या ओपनिंगची नेट वजावट होईल, मग आयएस १२०० बाजूला ठेवायचं, टेंडरमधलं कलमच चालतं. म्हणून टेकऑफ सुरू करायच्या आधी बीओक्यूच्या सुरुवातीची ती कंटाळवाणी दोन-तीन पानं, मोड ऑफ मेजरमेंटची, वाचा. मला माहितीये कोणी वाचत नाही. मी पण पहिली पाच वर्षं वाचत नव्हतो.

काँक्रीटमधला नेहमीचा गुन्हेगार म्हणजे बीम आणि स्लॅब एकमेकांवर बसणं. स्लॅब १२५ मिलिमीटर जाडीचा बाहेरच्या कडेपर्यंत मोजला आणि २३० बाय ४५० चा बीम पूर्ण ४५० खोलीने मोजला, की बीमच्या डोक्यावरचं १२५ दोनदा आलं. मीटरला ०.०२८७५ घनमीटर, ऐकायला काहीच नाही. एका मजल्यावर ६२ मीटर बीम असेल तर १.७८, सात मजल्यांना साडेबारा घनमीटर, म्हणजे दोन ट्रान्झिट मिक्सर भरून काँक्रीट जे कधी साइटवर आलंच नाही. आरएमसीची (तयार काँक्रीटची) चलनं आणि आपली क्वांटिटी शेजारी ठेवली की हा फरक दिसतो, तोपर्यंत स्टोअरवाल्याकडे सगळे संशयाने बघत असतात बिचाऱ्याकडे. टूडीमध्ये मोजत असाल तर बीमची खोली ४५० वजा १२५, म्हणजे ३२५ च टाका. रेव्हिटमध्ये (थ्रीडी मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये) असाल तर स्लॅब आणि बीम जॉइन केलेत का ते बघा, मॉडेल दिसायला चकाचक असतं पण जॉइन नसेल तर तो तुकडा दोन्ही शेड्यूलमध्ये मोजला जातो.

कोकणातली कौलारू घरं करणाऱ्यांसाठी एक, भागाकार ०.८७ आला तर वैतागू नका. छपराचा उतार ३० अंशाचा असेल तर प्लॅनमध्ये दिसणारं क्षेत्रफळ खऱ्या उताराच्या ०.८७ पट असतं, १.१५५ ने गुणा. कौलं, रिपा, आतलं सीलिंग, सगळं उतारावर मोजलं जातं. सॉफ्टवेअरमध्ये पिच टाकायला जागा असते, ती रिकामी सोडलेली असते.

आता शेवटचा मोठा प्रकार, प्रत्येक खोलीला भागाकार वेगळाच. याला मी ड्रॉइंगचा कचरा म्हणतो. उघडी राहिलेली पॉलीलाइन (जोडलेल्या तुकड्यांची एकच रेषा) हे त्यातलं सगळ्यात फसवं प्रकरण, कारण ऑटोकॅड उघड्या पॉलीलाइनचं क्षेत्रफळ देताना दोन टोकं सरळ रेषेने जोडून घेतं, पण लांबी देताना ती रेषा धरत नाही. आपल्या ३.६० बाय ४.२० च्या खोलीत चौथी बाजू काढायची राहिली तर क्षेत्रफळ १५.१२ बरोबर येतं आणि परिमिती १५.६० ऐवजी ११.४०. फ्लोअरिंग जुळतं, स्कर्टिंग जुळत नाही. दोन्हीत फरक पडला असता तर शंका तरी आली असती. प्रॉपर्टीजमध्ये क्लोज्ड समोर 'येस' आहे का बघायचं, एवढंच. दुसरं, क्लिक करताना कोपऱ्यांचा क्रम चुकला आणि पॉलीलाइन इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी स्वतःलाच छेदून गेली तर एक भाग दुसऱ्यातून वजा होतो, क्षेत्रफळ फारच कमी येतं, कधी शून्याजवळ. तिसरं, एकाच जागी दोन रेषा. आर्किटेक्टने कॉपी करून वर पेस्ट केलेली असते, दिसायला एक, मोजायला दोन. ओव्हरकिल ही डुप्लिकेट रेषा काढणारी कमांड चालवा, पण मूळ फाईलवर नाही, कॉपीवर, कारण ती कधीकधी नको ते पण उडवते. चौथं, कंपाउंड वॉलसाठी सर्व्हेचं ड्रॉइंग आलं असेल तर रेषांची दोन टोकं वेगवेगळ्या उंचीवर असतात, लांबी तिरकी मोजली जाते आणि जास्त येते. फ्लॅटन करून, म्हणजे सगळं एका पातळीवर आणून घ्या.

आणि एक प्रकार असा की ज्यात सॉफ्टवेअर पण बरोबर आणि कागद पण बरोबर. क्लायंटने शेवटच्या क्षणी खोली वाढवायला सांगितली, आर्किटेक्टच्या ऑफिसात रात्री अकरा वाजता कोणीतरी भिंत न हलवता नुसता डायमेन्शनचा आकडा खोडून नवीन टाइप केला. लिहिलंय ४.२०, काढलंय ३.९०. डायमेन्शनवर क्लिक करून टेक्स्ट ओव्हरराइडच्या रकान्यात काही लिहिलेलं दिसलं की समजायचं. साधारणपणे लिहिलेलं माप वरचढ धरतात, तरी मी अशा वेळी सरळ आर्किटेक्टला मेल टाकतो आणि उत्तर येईपर्यंत त्या खोलीला हात लावत नाही. फोनवर विचारू नका, फोनवर सगळे "हो हो तेच धरा" म्हणतात.

एक्सेलमधली टोटल गंडते तेव्हा बघायच्या गोष्टी पटकन सांगतो. दुसरीकडून कॉपी केलेले आकडे टेक्स्ट म्हणून येतात, सेलमध्ये डावीकडे चिकटलेले दिसतात, आणि सम त्यांना धरतच नाही, कुरकुर पण करत नाही. काउंट आणि काउंट-ए दोन्ही लावून बघा, फरक आला तर तेवढे आकडे बेरजेच्या बाहेर आहेत. लपवलेल्या ओळी सममध्ये धरल्या जातात, त्या नको असतील तर सबटोटलमध्ये १०९ वापरा. आणि टिपिकल मजल्याला सातने गुणण्याआधी सातही खरंच टिपिकल आहेत का बघा, उंच बिल्डिंगमध्ये मधेच रेफ्यूज एरियाचा (आगीच्या वेळी थांबायच्या मोकळ्या जागेचा) मजला असतो, तिथे एक-दोन फ्लॅटच नसतात.

स्टीलचं पण विचारतात, त्यात वजनाचं सूत्र कोणी चुकत नाही, व्यासाचा वर्ग भागिले १६२ सगळ्यांना पाठ असतं. चुकतं ते नग. ३.६० मीटरमध्ये १५० मिलिमीटर अंतरावर सळया म्हणजे २४ नाही, २४ अधिक १, पंचवीस. तेवढा एक राहिला की त्या पॅनेलला चार टक्के स्टील कमी. भागाकार ०.९६ आला तर आधी तोच एक शोधा.

हे सगळं करून खोली जुळली, टोटल जुळली, पद्धत जुळली, भागाकार एकदम १.०० आणि तरीही साइटवाला म्हणतोय जुळत नाही, तर त्याच्या हातातल्या प्रिंटचा रिव्हिजन नंबर विचारा. मागच्याच महिन्यात असं झालं, दोन दिवस मी प्लास्टरच्या वजावटी तपासत बसलो, तो आर-थ्री वर मोजत होता आणि मी आर-फाइव्हवर. मधल्या दोन रिव्हिजनमध्ये पॅसेजमधली एक भिंत गेली होती आणि ड्राय बाल्कनी पुढे आली होती. आता प्रत्येक टेकऑफ शीटच्या डोक्यावर ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन, तारीख आणि नमुन्याच्या खोलीचा भागाकार अशा चार गोष्टी हाताने लिहिलेल्या असल्याशिवाय मी सही करत नाही. नवीन रिव्हिजन आली की दोन्ही पीडीएफ एकावर एक टाकून, एक लाल एक निळं, काय हललंय तेवढंच परत मोजायचं. पोरं म्हणतात सर, यात अर्धा तास जातो. जातो.